येलहंक्याची धावपट्टी आणि एक वही

पुण्याला माझी थोरली बहीण राहते. २०२५ च्या जानेवारीत एका रात्री तिचा फोन आला आणि क्षेमकुशल विचारण्याचीही उसंत न घेता ती म्हणाली, "अरे, तुझ्या भाच्याने एक वही केली आहे. तीत विमानांचे नंबर लिहितो. तारीख, वेळ, विमान कोणते, कोणत्या दिशेला गेले, सगळे. शेजारच्या आजोबांनी ती पाहिली आणि म्हणाले, 'हे पोलिसांच्या हाती पडले तर?' ह्यांचे म्हणणे, वही रद्दीत टाकावी. पोर दोन दिवस धड जेवलेले नाही. आता तूच त्याला समजाव."

भाचा तेरा वर्षांचा. पुण्याचा लोहगाव विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ. प्रवासी विमानेही त्याच धावपट्टीवरून ये-जा करतात. त्या बाजूच्या गच्च्यांवरून सुखोई विमानांची जोडी कडाडत जाताना दिसते. मोठी माणसे कानांवर हात ठेवतात आणि मुले जिन्याकडे धाव घेतात. माझा भाचा धाव घेणाऱ्यांपैकी.

त्याला रागे भरण्याचा अधिकार मला तरी नव्हता. विद्यार्थिदशेत असताना उत्तरेकडील एका गावी एका विमानतळाच्या भिंतीपाशी मीही असाच कॅमेरा वर केला होता. पहाऱ्यावरच्या जवानाने मला आत नेऊन बसविले, दोन तास नाना प्रश्न विचारले, छायाचित्रे पुसून टाकली आणि शेवटी चहा पाजून सोडून दिले. त्याचे काही चुकले नव्हते. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमानुसार लष्करी तळ हे प्रतिबंधित ठिकाण असते. पुढे कचेरीत भाषांतराचे काम करताना 'छायाचित्रण निषिद्ध' हे दोन शब्द मी कितीदा तरी लिहिले. पण ते एका तेरा वर्षांच्या मुलाला समजावून सांगणे हे निराळेच भाषांतर होते. मी ताईला म्हटले, "वही टाकू नकोस. फेब्रुवारीत त्याला शाळेतून चार दिवसांची रजा मिळवून दे. मी त्याला बंगळूरला नेतो."

बंगळूरच्या उत्तरेला येलहंका हे जुने गाव. १५३७ साली बंगळूर वसविणारा केंपेगौडा येथील नायकांच्या घराण्यातला. आज तेथे हवाई दलाचा तळ आहे आणि एरवी तोही इतर तळांसारखाच कुंपणाआड असतो. परंतु १९९६ पासून दर दोन वर्षांनी तेथे 'एरो इंडिया' हे विमानांचे प्रदर्शन भरते. २०२५ मध्ये ते १० ते १४ फेब्रुवारी असे पाच दिवस होते आणि शेवटचे दोन दिवस सर्वसामान्यांसाठी राखून ठेवले होते. एरवी ज्या गोष्टीला मनाई, तीच तिकीट काढून, कॅमेरा गळ्यात घालून उघडपणे करण्याची ही संधी.

पुण्याहून आम्ही उद्यान एक्सप्रेसने निघालो. गाडीत भाच्याने वही माझ्या हाती दिली. रेघा आखलेल्या, अक्षर नेटके. मी विचारले, "हे नंबर लिहून काय होते रे?" तो गोंधळला. "काही होत नाही, मामा. पण तेच विमान पुन्हा आले, की ओळखीचे वाटते."

मी त्याला सांगितले, की हा छंद त्याच्या एकट्याचा नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडवर बाँबफेकी विमाने येत, तेव्हा आकाशातील आकृती पाहून आपले कोणते आणि शत्रूचे कोणते हे ओळखणे नागरिकांनाही शिकविले गेले. युद्ध संपले, पण ती सवय छंद होऊन राहिली. आजही तेथे लष्करी विमानतळांच्या कुंपणाबाहेर लोक दुर्बिणी, वह्या आणि चहाचे थर्मास घेऊन दिवस दिवस उभे असतात आणि त्यांना कोणी हटकत नाही. पण तेच लोक २००१ च्या नोव्हेंबरात ग्रीसमध्ये गेले, तेव्हा कालामाता येथील लष्करी तळाजवळ बारा ब्रिटिश आणि दोन डच छांदिष्टांना हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली. २००२ च्या एप्रिलमध्ये त्यांना शिक्षा झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अपिलात ते निर्दोष ठरले. एका देशात जो निरुपद्रवी छंद, तोच दुसऱ्या देशात गुन्हा.

"म्हणजे वही वाईट नाही, जागा वाईट?" त्याने विचारले. मला चटकन उत्तर सुचले नाही. इतक्यात सोलापूर आले.

सोलापूरने माझी सुटका केली. या गावचे वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला विमानांचा कारखाना काढला; पुढे तो सरकारी झाला आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्स या नावाने वाढला. हे ऐकताच भाचा खिडकीतून फलाटाकडे असा पाहू लागला, जणू तेथेच कोठे तरी एखादे विमान उभे असावे.

बंगळूरला पोहोचल्यावर पहिला दिवस आम्ही त्या कारखान्याच्या वस्तुसंग्रहालयात घालविला. तेथे एचटी-२ हे पिटुकले दोन आसनी विमान आहे. स्वतंत्र भारतात आराखडा होऊन घडलेले हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये प्रथम उडाले. त्याचे आराखडे ज्यांच्या देखरेखीखाली झाले, ते डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूरकडचे. जर्मनीत ग्योटिंगेन येथे विख्यात शास्त्रज्ञ प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकून आलेले. पुढे १९६४ मध्ये उडालेले 'किरण' हे जेट विमानही त्यांच्याच चमूचे. कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याच्या नेतृत्वाखाली तयार झालेले 'मरुत', जे १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले, तेही तेथेच उभे आहे. येथे कोणीही काढावीत इतकी छायाचित्रे काढण्याची मुभा असूनही भाच्याने एचटी-२ ची दोनच काढली आणि मग बराच वेळ तो नुसता उभा राहिला.

१३ तारखेला आम्ही अंधारातच येलहंक्याची वाट धरली. रस्त्याने शाळकरी मुले, आजोबा, तान्ही मुले कडेवर घेतलेल्या आया, सर्वांचे तोंड एकाच दिशेला. वाटेत एक गोष्ट ध्यानात आली: मटणाची दुकाने बंद. चौकशी केली तेव्हा कळले, की प्रदर्शनाच्या काळात तळाच्या तेरा किलोमीटरच्या परिसरात मांसविक्रीला बंदी असते. टाकलेल्या मांसावर घारी जमतात आणि एखादी घार इंजिनात ओढली गेली, तर विमान आणि वैमानिक दोघांनाही धोका.

प्रेक्षकांच्या जागी आमच्या शेजारी बेळगावकडचे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. आमचे मराठी ऐकून तेच बोलू लागले. हवाई दलात ते विमानांच्या दुरुस्तीच्या कामावर होते. सार्जंट म्हणून निवृत्त झाले. भाच्याच्या हातातील माझा जुना कॅमेरा पाहून त्यांनी शिकवणीच सुरू केली.

"बाळ, सकाळ आहे तोवर फोटो काढून घे. दुपारी धावपट्टी तापली, की तिच्यावरची हवा थरथरते आणि चित्र पाण्यात पाहिल्यासारखे येते. आणि आवाजाकडे बघू नकोस. जेट आवाजाच्या पुढे असते. कान सांगतील त्याच्या पुढे नजर टाक."

"आणि काका, पंख्याची विमाने?"

"त्यांना घाई करू नकोस. कॅमेऱ्याची झडप फार झटकन मिटली, तर पंखा थिजल्यासारखा दिसतो. विमान आकाशात टांगून ठेवल्यासारखे वाटते. थोडी सावकाश मिटू दे आणि विमानाबरोबर स्वतः वळ. मग पंखा फिरता दिसेल."

त्या दिवशी तेजस उडाले, सुखोई उडाले. रशियाचे सु-५७ आणि अमेरिकेचे एफ-३५ ही दोन्ही अत्याधुनिक विमाने त्या वर्षी एकाच प्रदर्शनात आली होती, त्यामुळे गर्दीचे डोळे त्यांच्यावर. भाच्याने मात्र पाने राखून ठेवली होती ती सूर्यकिरण पथकासाठी. १९९६ साली स्थापन झालेले हे पथक २०११ पर्यंत घाटग्यांच्या 'किरण' विमानांवर कवायती करी. २०१५ पासून ते 'हॉक' विमानांवर करते. नऊ लाल-पांढरी विमाने पंखाला पंख लावून आली, तेव्हा भाचा भराभर शेपटीवरचे नंबर टिपू लागला.

वृद्ध सार्जंट त्याच्या वहीकडे पाहत होते. विमाने दूर गेल्यावर ते म्हणाले, "आम्हीही नंबरच लिहायचो. विमान उडण्यापूर्वी त्याच्या कागदावर आमची सही असे आणि सहीच्या वर नंबर. वैमानिक शिडी चढून जाई. मग आम्ही तो नंबर परत येण्याची वाट पाहत बसायचो." ते थोडे थांबले. "१९ फेब्रुवारी २०१९ ला याच आकाशात सराव करताना सूर्यकिरणची दोन हॉक विमाने एकमेकांवर आदळली. विंग कमांडर साहिल गांधी गेले. ती विमाने सज्ज करून देणारी पोरे खाली उभीच असणार."

भाच्याची पेन्सिल थांबली. जरा वेळाने त्याने धीर करून आपली मूळ शंका विचारली. घरी गच्चीवरून नंबर लिहिले तर काय बिघडते?

सार्जंटांनी वही मागून घेतली. तिची पाने सावकाश उलटली. "एका नंबराने काही बिघडत नाही. पण हे बघ, डिसेंबरात तू सव्वीस दिवस लिहिले आहेस. कोणते विमान किती वाजता गेले, किती वाजता आले, कोणते आठ दिवस दिसलेच नाही. तुला ती ओळखीची विमाने वाटतात. दुसऱ्या कोणाला यात हिशेब दिसेल: तळावर किती आहेत, किती नादुरुस्त आहेत, रात्री उडतात का. तुझ्या मनात पाप नाही, पण वहीला मन नसते. ती ज्याच्या हातात जाईल त्याची होते."

गाडीत मला न सुचलेले उत्तर हेच होते. मी मनाशी कबूल केले, की बंदीचे फलक भाषांतरित करणाऱ्या माझ्यासारख्याला जे वाक्य सापडले नाही, ते विमानांना हात लावून जगलेल्या माणसाला सहज सापडले. त्यांनी वही परत दिली आणि म्हणाले, "येथे हवे तितके लिही. येथे आम्हीच तुला बोलावले आहे."

दोन दिवसांनी आम्ही विमानाने पुण्याला परतलो. खिडकीची जागा अर्थातच भाच्याची. उतरण्यापूर्वी सूचना झाली, की हा संरक्षण दलाचा विमानतळ असून येथे छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. पलीकडच्या रांगेतील एका प्रवाशाने तरीही मोबाइल खिडकीला लावला. चाके टेकली. दूर धावपट्टीच्या कडेला दोन सुखोई उभी होती, उन्हात करडी दिसणारी. भाच्याने खिडकीच्या काचेला नाक लावले. कॅमेरा पिशवीत होता आणि वही मांडीवर, मिटलेली. त्याचे ओठ मात्र हलत होते.

"नंबर वाचतो आहेस?" मी हळूच विचारले.

"नाही मामा," तो म्हणाला, "त्यांच्यापाशी खाली दोन माणसे उभी आहेत, ती पाहतो आहे."

घरी आल्यावर त्याने आपणहून गच्चीवरची पाने वहीतून अलगद काढली आणि ताईच्या देखत फाडून टाकली. येलहंक्याची सात पाने ठेवली. ताईने ती वही आता रद्दीच्या नव्हे, तर त्याच्या पुस्तकांच्या फळीवर ठेवली आहे. त्या संध्याकाळी सुखोईची जोडी घरावरून गेली. आम्ही सगळेच गच्चीवर धावलो. ताईही आली, आणि तिने कानांवर हात ठेवले नाहीत. अर्ध्या तासाने ती परत येऊन उतरेपर्यंत भाचा कठड्यापाशी उभा होता.