कागदाएवढी फट

करमाळा तालुक्यातल्या केमचं नाव काढलं की कुंकू आठवतं. मला मात्र या तालुक्याची आणखी एक ओळख मोलाची वाटते: मोटर भरणारे कारागीर. उजनीच्या काठानं ऊस आला, पंप आले. पंप जळू लागले तसे ते भरून देणारे हातही तयार झाले. ज्याला जळकी मोटर भरता येते, त्याला व्हॉल्व्ह रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर घरी भरणं अवघड नाही, असं माझं म्हणणं आहे. फक्त मोटरची एक सवय सोडावी लागते.

बिघाड बहुधा प्रायमरीत असतो. तिथली तार जेमतेम ०.१ मिलिमीटरची आणि तिच्यावर सतत २५० व्होल्टच्या आसपासचा डीसी दाब. या कोरड्या मुलखात तार गंजेल कशी, असं कुणी विचारेल. पण कागद पावसाळ्यात दमट होतो, भरणाऱ्याच्या बोटांचा घाम तारेवर राहतो आणि एवढ्यावरही तांबं झिजत जातं. उकलताना तुटल्या जागी हिरवा ठिपका दिसला तर कारण तेच. प्रायमरीचे हजारो वेढे मोजत बसायचीही गरज नाही. ईएल८४ व्हॉल्व्हला सुमारे ५२०० ओहमचा भार लागतो. स्पीकर ८ ओहमचा असेल, तर भागाकार ६५० आणि त्याचं वर्गमूळ साधारण २५.५, तेच वेढ्यांचं प्रमाण. जाड तारेची सेकंडरी मोजली, समजा १०० वेढे भरले, तर प्रायमरी २५५० ची. भरून झाल्यावर प्रायमरीला ६ व्होल्ट एसी दिला की सेकंडरीवर पाव व्होल्टच्या आत-बाहेर मिळायला हवा. (रेडिओ उघडण्याआधी प्लग काढणं पुरेसं नाही, फिल्टर कंडेन्सर नंतरही झटका देतो.)

मुंबईत लॅमिंग्टन रोडला नवा ट्रान्सफॉर्मर मिळत असताना हा खटाटोप कशाला? भार जुळणारा आणि जुन्या जागी बसणारा मिळाला तर खुशाल घ्यावा. पण नुसते वॅट बघून आणलेला तसा असेलच असं नाही.

आता ती सवय. मोटरचे पत्रे एकमेकांना घट्ट भिडलेले असतात, पॉवर ट्रान्सफॉर्मरचे ई आणि आय पत्रे आलटून-पालटून बसवतात. इथे तसं केलं की घात होतो. एकट्या ईएल८४ चा ४८ मिलिअँपिअर डीसी प्रायमरीतून अखंड वाहतो, फट नसलेलं लोखंड त्यानंच भरून जातं आणि तबल्यातला डग्गा हरवतो. म्हणून सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला आणि मधे कागद. जुना कागद उघडताना फाटला, तर वहीच्या कागदाची पट्टी चालते. तिची जाडीही ०.१ मिलिमीटरच्या जवळपासच असते.