दुकानात आली की चालू

साफ बंद पडलेल्या गाडीइतकं सोपं काम नाही. बॅटरी गेली, प्लग मेला, कॉइल उडाली. शोधा, बदला, पैसे घ्या. डोक्याला ताप देते ती कधी चालू होणारी आणि कधी न होणारी. अशी गाडी दुकानात आली की पहिल्याच बटणाला फुरफुरते आणि गिऱ्हाईक ओशाळतं. "आत्ता घरी अर्धा तास खटपट करत होतो हो! तुमच्या दारात आली की हिला काय होतं कोण जाणे!" अशा वेळी मी पाना उचलत नाही, स्टूल पुढे सरकवतो. गाडी चालू आहे तोवर तिच्यात दोष सापडणार नाही, तेव्हा जो काही माग लागेल तो या माणसाच्या बोलण्यातूनच.

आमच्या धंद्यात याच्या उलट चालतं. "प्लग बदलून बघू." नाही जमलं तर बॅटरी, मग रिले, मग ठिणगीचा सीडीआय डबा. दर वेळी गाडी चार-सहा दिवस बरी चालते, कारण ती तशीही चार-सहा दिवस बरीच चालणार होती. नव्या पार्टला फुकटचं श्रेय मिळतं. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाचा सगळा कावा इथं आहे: त्याला स्वतःहून बरं व्हायची सवय असते. दोष डोळ्यांसमोर उभा राहिल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही, या मताचा मी आहे आणि त्यापायी काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली आहेत. जाऊ देत.

इंदूरच्या मल्हारगंजाकडच्या एका काकांची दीडशे सीसीची गाडी याचा चांगला नमुना. किक नाही, नुसता सेल्फ. प्लग, बॅटरी, रिले सगळं नवं घालून झालेलं. मी विचारलं, "कुठे बंद पडते?" "घरी." "बाजारात, ऑफिसात?" "तिथं कधीच नाही. सकाळी घरीच नाटक करते." सकाळी म्हटल्यावर कुणालाही थंडी आठवेल, चोक आठवेल, पण हे मे महिन्यातलं बोलणं. मग मी त्यांच्याकडेच गेलो आणि म्हटलं, "काका, रोज काढता तशी गाडी काढा बघू."

घर जुन्या इंदुरातल्या बोळात. गाडी भिंतीला नाक लावून उभी. काकांनी ती मागे ओढली, बोळ अरुंद म्हणून हँडल पार डावीकडे दाबलं आणि तशीच वळत्या गाडीवर बसून बटण दाबलं. रिलेचा अर्धामुर्धा टक्, बाकी शांतता. मी हँडल सरळ केलं. चालू!

चावीच्या कुलपाकडून येणारी वायर हँडलच्या मानेपाशी वाकते. वर्षानुवर्षं डावी-उजवी होऊन आतल्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटतात, वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत. बोटांनी चाचपत गेलं की तेवढ्याच जागी वायर मऊ लागते, आत दाणा नसल्यासारखी. आधीच्या दोघा मेकॅनिकांनी इथंही मीटर लावला होता म्हणे आणि मीटरनं बारा व्होल्ट दाखवले होते. दाखवणारच. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्याला शेवटची एक तारही पुरते. न्यूट्रलच्या हिरव्या दिव्यालाही पुरते. रिलेला मात्र जोर लागतो आणि त्या एका तारेतून तो जोर जात नाही. म्हणून मी अशा जागी जुना 21 वॅटचा ब्रेकचा बल्ब लावतो. हँडल सरळ असताना लख्ख, डावीकडे वळवलं की मिणमिणता. जेल रोडच्या बाजारातून आणलेल्या महागड्या मीटरपेक्षा हा बल्ब अशा वेळी खरं बोलतो. वायर कापली, जोड झाळला, वर स्लीव्ह चढवली आणि मानेपाशी थोडी ढील ठेवून पुन्हा बांधली. खर्च म्हणाल तर वीतभर वायर.

प्रत्येक वेळी मानच दोषी, असं नाही. पंधरा-वीस मिनिटं पळून मग गुदमरणारी, टाकीचं झाकण उघडलं की 'फुस्स' करून सुधारणारी गाडी असेल तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, बाकी काही पाहू नका. भाजी घेऊन दहा मिनिटांनी परत आलात आणि ती रुसली, अर्ध्या तासानं आपणहून मानली, तर संशय पल्सर कॉइलवर (ही त्या नावाची गाडी नव्हे, इंजिनातली ठिणगीची वेळ सांगणारी कॉइल). गाडी थांबली की वारा थांबतो, इंजिनाची धग आत मुरते, तापलेल्या कॉइलीतली तार सुटते, निवली की पुन्हा जुळते. अशी कॉइल बाकावर ठेवून हेअर ड्रायरनं तापवावी आणि मीटरचा आकडा डोळ्यांदेखत नाहीसा होताना पाहावा. साइड स्टँडचा आणि क्लचचा स्विच, बॅटरीची ढिली टर्मिनलं, हे तर रोजचंच.

इंदूरचा म्हणून एक खास प्रकार आहे. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, टँकरनं रंग उडतो, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे रंगीत गाड्यांची रांग. प्लगची टोपी पुसली, हवा मारली की त्या चालू होतात आणि जो तो विसरतो. पण कनेक्टरात शिरलेलं पाणी विसरत नाही. पावसाळा आला की तिथंच हिरवा गंज वर येतो आणि गाडी एक दिवसाआड रुसायला लागते. गेर आणि जुलै यांचा संबंध कोण लावणार? 2017 पासून शहर वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं येत राहिलं, तसा लोकांना गाड्या धुण्याचाही नाद लागला. प्रेशरच्या पाण्याचा फवारा सीटखाली आणि स्विचवर मारणारे वॉशिंगवाले आमचं वर्षभराचं पोट भरतात.

एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-सिक्स नियम आले आणि नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन आलं. पोरं स्कॅनर लावून कोड वाचतात, वाचावेत. सेन्सर गेला तर स्कॅनर सांगतो. बोळात हँडल डावीकडे वळलं होतं, हे त्याला विचारून कळायचं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी अडली की लगेच बटण चेपत सुटू नका. चावी ऑन करून हिरवा दिवा लागतो का आणि बटण दाबल्यावर तो मंद होतो का, ते बघा. इंजेक्शनची असेल तर टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो का, कान द्या. टक् आवाज येतो का? हँडल कुठे होतं, किती वेळ उभी होती, आदल्या दिवशी धुतली होती का, हे लक्षात ठेवा. आणि मोबाइलवर त्याच वेळी एक व्हिडिओ काढा, आवाजासकट. तो दाखवलात तर तुमचा मेकॅनिक चालू गाडीवर आंधळेपणानं पार्ट बदलणार नाही. बदलायलाच निघाला, तर दुसरा शोधा.