शनिवारचा बाजार आणि आबांची चावी



कांद्याची लागण उरकत आली, ऊसतोड अजून आमच्या फडापर्यंत पोचली नाही. म्हणून आज पिकाचं नाही, घरचं लिहितो.

आमचे आबा ७३ वर्षांचे. घरी आता बैल नाहीत, तरी काष्टीचा शनिवारचा बैलबाजार ते चुकवत नाहीत. मोटारसायकल काढायची, कुणाची जोडी कितीला गेली ते बघायचं, चहा प्यायचा, दिवस मावळायच्या आत वस्तीवर.

मागच्या महिन्यात एका शनिवारी उशीर झाला. माझं नऊ वर्षांचं पोरगं मागं बसलेलं. नगर-दौंड रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या उभ्या होत्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. आबांना त्या दिसल्याच नाहीत. पोरगं ओरडलं म्हणून ब्रेक लागला. आबा घरी काही बोलले नाहीत, पोरानं रात्री मला सांगितलं.

पुण्याचा भाऊ फोनवर म्हणाला, "चावी लपव." लपवायला दोन मिनिटं लागतात. पण ज्यांनी मला ट्रॅक्टर शिकवला, त्यांच्यापासून चावी लपवायला हात धजेना.

त्यात आबांचं लायसनही संपत आलेलं. म्हातारपणी अमुक वयाला गाडी बंद, असं आपल्या कायद्यात नाही. ५५ च्या पुढं लायसन ५-५ वर्षांनी नवं करावं लागतं, आणि चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला लागतो, नमुना १-अ. त्यात ऐकू येतं का, लाल-हिरवा ओळखतो का, रातांधळेपणा आहे का, हे विचारलेलं असतं. आणि चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट दिसते का.

म्हटलं, दवाखान्यात जायच्या आधी घरीच बघू. ठिबकच्या कामाचा टेप काढला, अंगणात २५ मीटर मोजले, शेजाऱ्याची गाडी उभी केली. भर दुपारी आबांनी नंबर खडाखडा वाचला अन् माझ्याकडं बघून हसले.

दिवेलागणीला परत तिथंच उभं केलं. गाडीच्या शेजारी ट्रॅक्टर लावून त्याचा दिवा आबांच्या तोंडावर चालू केला. आबा बराच वेळ बघत राहिले.

"दिव्याभोवती नुसतं कडं दिसतंय. बाकी काय दिसंना."

मग मान वळवून मागं बघायला सांगितलं. मान खांद्यापर्यंतही येईना. गाडीचा आरसा तर दोन वर्षांपूर्वी मोडलाय. तो मी बसवला नव्हता, ही माझी चूक.

मला वाटलं आता चिडतील. आबा ओट्यावर बसले अन् म्हणाले, "आदत, दोन दाती, चार दाती हे दात बघून कळतं. एकदा बैल जुळला की दातात काय बघायचं? जुंपूनच बघावं लागतं. जुंपून बघितलंस, बरं केलंस."

डोळ्याच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढं आहे. तोवर गाडी बंद. नंतर डॉक्टर हो म्हणाले अन् लायसन नवं झालं तर फक्त दिवसा, वस्ती ते शेत. मोठ्या रस्त्याला नाही, पोराला मागं घेऊन नाही. आबांनी सगळं कबूल केलं. चावी स्वतःच खुंटीवरून काढून माझ्या हातात दिली अन् विचारलं,

"अन् शनिवार?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी चावीचाच विचार केला होता, शनिवारचा केलाच नव्हता.

आता तीन शनिवार झाले, लिंबाची तोडणी बाजूला ठेवून मीच आबांना घेऊन जातोय. बैलाची चाल कशी बघायची ते मला या वयात कळायला लागलंय.

मंडळी, तुमच्या घरीही आबा, अण्णा, तात्या गाडी चालवत असतील. त्यांना दुपारी नको, दिवेलागणीला बघा, आणि समोर बसून बघा. ट्रॉलीवाल्यांनो, मागं रिफ्लेक्टर लावा, हात जोडून सांगतो.

आणि येत्या शनिवारी ऊसतोड आमच्या फडात आली तर माझी पंचाईत आहे. बाजाराला कुणाची गाडी निघणार असेल तर कळवा. आबा सकाळपासून टोपी घालून तयार असतात.