वाटीभर बदाम

आमच्या घरी रोज रात्री वाटीभर बदाम भिजत पडत. मोजायचे मी, खायचे मात्र धाकट्याने! गावच्या तालमीत तो नवव्या वर्षापासून घुमतो आहे. घरच्या म्हशीचे दूध त्याचे, तूपही त्याचेच. बाकीच्यांच्या वाट्याला कोरा चहा. आई म्हणायची, "अगं, पैलवान पोसायचा म्हणजे हत्ती पोसायचा." खोटे कशाला सांगू? कधी कधी मला त्या बदामांचा रागही येई.

दोन वर्षांपूर्वी त्याने राष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळवले आणि 'खेलो इंडिया'च्या शिष्यवृत्तीच्या यादीत त्याचे नाव लागले. वर्षाला ६ लाख २८ हजारांचे साहाय्य! त्यातले महिना १० हजार हातखर्चाला, उरलेले प्रशिक्षण, निवास आणि स्पर्धांसाठी. त्या दिवशी आईने सर्वांना दुधाचा चहा केला.

पुढच्या वर्षी मॅटवर त्याचा गुडघा दुखावला. सहा महिने कुस्ती बंद. मग कामगिरीचा आढावा झाला आणि नाव वगळले गेले. त्या रात्री तो एवढेच म्हणाला, "ताई, आजपासून बदाम भिजवू नकोस."

मला झोप आली नाही. आमच्या गावापासून खाशाबा जाधवांचे गोळेश्वर फार दूर नाही. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, हे आपण सारे अभिमानाने सांगतो. पण एक गोष्ट विसरतो. १९४८ साली लंडनला खाशाबा सहावे आले होते! पदकांच्या यादीत ते कुठेच नव्हते. प्राचार्यांनी घर गहाण ठेवले ते पदक न मिळालेल्या विद्यार्थ्यासाठी.

महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला त्यानंतर ७२ वर्षे लागली. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्याच्याच स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत ते मिळवले. त्याच्या पाठीशी शासनाची क्रीडाप्रबोधिनी होती, रेल्वेची नोकरी होती. आता कुणा प्राचार्याला घर गहाण ठेवावे लागू नये, हे चांगलेच झाले. यादीलाही तिच्या मर्यादा असतात. धाकट्याच्या जागी दुसऱ्या कुणाच्या घरी त्या दिवशी दुधाचा चहा झाला असेल, आणि तोही पोरगा गुणीच असेल. पण यादीला पदक दिसते. बऱ्या होत आलेल्या गुडघ्यात उरलेली जिद्द कुणीतरी जवळच्यानेच पाहावी लागते.

हल्ली मी संध्याकाळी शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेते. पहिल्या महिन्याचे पैसे आले, तेव्हा बाजारातून पाव किलो बदाम आणले आणि रात्री मोजून वाटीत भिजत घातले. धाकट्याने पाहिले, पण तो काहीच बोलला नाही.

सकाळी उठले तेव्हा वाटी रिकामी होती. आणि दारातल्या त्याच्या चपलाही नव्हत्या.