चिंध्यांवरून बेतलेला झगा

पहिला झगा मी दोन संध्याकाळींत मशीनवर शिवला होता. यॉर्कला राहायला येऊन दुसरं वर्ष चालू होतं. इथे दर फेब्रुवारीत यॉर्विक व्हायकिंग फेस्टिव्हल भरतो. त्या काळातलं जगणं उभं करणाऱ्या एका गटात मी तेव्हा नुकतीच सामील झाले होते. कापड घेतलं ते स्वस्तातलं, सिंथेटिक मिसळलेलं. लांबून लोकरीसारखं दिसायचं. उन्हाळ्यातल्या तळावर चुलीपाशी बसले असताना एक ठिणगी मांडीवर उडाली. क्षणात कापड वितळून भोक पडलं, कडेला काळा, कडक थर जमला. तशीच एक ठिणगी शेजारच्या बाईंच्या अस्सल लोकरीवर पडली. त्यांनी ती बोटाने झटकली. केस जळल्यासारखा वास आला आणि मसुराएवढा तपकिरी डाग राहिला. साठी उलटलेल्या त्या बाई एवढंच म्हणाल्या, “पुढचा हाताने शीव. मी शिकवते.”

तो हिवाळा आतला लिननचा अंगरखा शिवण्यात गेला. सगळी कापणी सरळ रेषेत. पाठ-पोटासाठी खांद्यावर दुमडलेला एक लांब पट्टा, बाह्यांचे दोन तुकडे, हात मोकळा उचलता यावा म्हणून काखेत छोटा चौकोन आणि घेरासाठी बाजूंना कळ्या. लांब आयत कर्णावर कापला की दोन कळ्या निघतात, काही वाया जात नाही. असं का बेतायचं, ते हातात टकळी घेतल्यावर कळलं. तासभर कातून माझ्या सुताची धड गुंडीसुद्धा झाली नाही. त्या काळी अख्ख्या झग्याचं सूत असंच निघायचं आणि मग वजनं लटकवलेल्या उभ्या मागावर विणलं जायचं. ते कापड कोण वाया घालवेल?

दोरा मेणावरून ओढून घ्यायचा, आधी धावदोरा, मग कड दुमडून हेम. धावदोरा मला येत होता. लहानपणी आजीच्या गोधड्यांना घातला होता.

वरचा लोकरीचा झगा बिनबाह्यांचा. खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्या छातीवर दोन ब्रोचांनी अडकवायच्या. हे ब्रोच कासवाच्या पाठीसारखे फुगीर असतात. झगा मी आपल्या मंजिष्ठेच्या युरोपीय भावंडाच्या मुळांनी रंगवला. १९७६ ते १९८१ या काळात यॉर्कमध्येच कॉपरगेटला उत्खनन झालं, तिथे या वनस्पतीचे अवशेष मिळाले आहेत. रंगाचं पाणी उकळू द्यायचं नसतं. पहिल्या खेपेला मी उकळू दिलं आणि लालाऐवजी विटकरी-तपकिरी रंग चढला.

असा झगा अख्खा कुठेच सापडलेला नाही. स्वीडनमधल्या बिर्काला याल्मार स्टोल्पे यांनी एकोणिसाव्या शतकात हजाराच्या वर कबरी उकरल्या. बहुतेक कापड कुजून गेलं होतं. जे वाचलं त्यातलं बरंच ब्रोचच्या पोटात, गंजत्या धातूला चिकटून. आग्नेस गेयर यांनी त्या तुकड्यांचा अभ्यास १९३८ मध्ये प्रसिद्ध केला. पट्ट्या कशा अडकवत, हे टाचणीभोवती टिकलेल्या कापडी फासांवरून समजतं. आज जर्मनीत असलेल्या हेडेबीच्या बंदरात तर चिंध्या मिळाल्या. जुने कपडे फाडून त्यांच्या बोळ्यांनी जहाजांना डांबर फासत, त्या गाळात राहिल्या होत्या. आम्ही जे अंगावर घालतो, त्यातलं कितीतरी या चिंध्यांनी सांगितलेलं आहे.

पुढच्या फेब्रुवारीत दोन्ही कपडे घालून मी दिवसभर उघड्यावर होते. पाऊस भुरभुरत होता. लोकर वरून ओली झाली, पण आतली ऊब गेली नाही. उकिडवी बसले, पाण्याच्या बादल्या उचलल्या, काखेत कुठेच ओढ बसली नाही. त्या छोट्या चौकोनाची किंमत तेव्हा कळली. मुलं शिंगांच्या शिरस्त्राणाबद्दल हटकून विचारतात. ती शिंगं १८७६ मधल्या वाग्नरच्या ऑपेराच्या वेशभूषेतून रुजली, एवढं सांगते आणि त्यांना माझी शिवण दाखवते.

यंदा अंगरख्याची बाही कोपरापाशी झिजली. नवी बाही शिवली नाही. जुन्या लिननच्या चादरीचं ठिगळ लावलं, टाके अगदी बारीक घेतले. एका मुलीने विचारलं, “फाटकं का घातलंय?”

“हात लावून बघ,” मी म्हटलं.

तिने ठिगळाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि टाके मोजायला लागली.