दोन हिरवे

आमच्या टिळकवाडीतल्या जुन्या घराला यंदा रंग द्यायचे ठरले. आईच्या खोलीसाठी शेडकार्डावरून दोन रंग काढले. एक राखीकडे झुकणारा हिरवा, दुसरा किंचित शेवाळी. फरक म्हणावा तर होता, म्हणावा तर नव्हता. पेंटर अनुभवी. म्हणाला, "सर, कार्डावर जाऊ नका. भिंतीवर दोन चौकोन मारतो, वाळल्यावर बघा."

मग आठ दिवस घरात दुसरा विषय नाही. सकाळच्या उजेडात राखी शांत वाटे, रात्री ट्यूबलाइटखाली तोच मरगळलेला दिसे. त्यात जमीन तांबड्या कोब्याची. तांबड्याशेजारी हिरवा अधिकच हिरवा भासतो. शेजारच्या रंगांचा हा खेळ शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली ग्रंथ लिहून मांडला, असे मी सौभाग्यवतींना ऐकवलेदेखील! तिचे मत राखीला, माझे शेवाळीला. शेवटी शाळेत करतो तसा निकाल देऊन टाकणार, तोच ध्यानात आले, खोली जिची तिला कोणी विचारलेच नाही.

आई एकोणऐंशी वर्षांची. गेल्या वर्षी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डाव्याचे 'रंगाचा खर्च उरकू दे, मग बघू' असे चालले होते.

ती भिंतीसमोर उभी राहिली. आधी एक डोळा झाकला, मग दुसरा.

"डाव्यानं बघितलं तर दोन्ही सारखेच की रे. मातकट. उजव्यानं बघितलं की हा राखेसारखा, तो शेवाळासारखा."

मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग पिवळट होत जाते, निळा उजेड त्यात अडतो, हे मी वाचले होते. पण एकाच घरात, एकाच माणसाला एक भिंत दोन तऱ्हांनी दिसते आहे, याचा मी वर्षभर विचार केला नव्हता.

"तुमचं भांडण माझ्या कुठल्या डोळ्यासाठी चाललंय?" आईने सहज विचारले.

दुसऱ्या दिवशी पेंटरला थांबायला सांगितले आणि डॉक्टरांकडून तारीख घेतली.

शस्त्रक्रियेनंतर महिन्याभराने आई पुन्हा त्या भिंतीसमोर उभी राहिली, या खेपेस दोन्ही डोळे उघडे ठेवून. तिने राखी निवडला. माझा शेवाळी चौकोन त्याच्याखाली गेला.