सावकाश गाल भरणारी

काचेच्या कुपीच्या तळाशी पांढरी भुकटी होऊन ती बसलेली असते. नाव स्कल्प्ट्रा, कूळ पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडचं. ऑपरेशननंतर आपोआप विरघळणारे टाक्यांचे काही धागे तिच्याच नात्यातले. डॉक्टर तिच्यात निर्जंतुक पाणी मिसळून ती त्वचेखाली टोचतात आणि गाल लगेच भरलेला दिसतो. तो पाण्याचा फुगवटा. काही दिवसांत तो ओसरतो, गाल पुन्हा होता तसा. तिचा स्वभाव ठाऊक नसलेला माणूस इथेच हिरमुसतो.

तिचं काम तर आता कुठे सुरू झालेलं असतं, आणि तेही ती शरीराकडूनच करून घेते. हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर स्वतः जागा भरून सुरकुती उचलतं. हिचे 40 ते 63 मायक्रॉनचे कण शरीराला परके वाटतात. पेशी त्यांच्याभोवती जमतात, त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजनचे तंतू तयार करू लागतात. कण हळूहळू विरतात, शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. मागे राहतं ते माणसाचं स्वतःचं कोलॅजन. त्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने सहसा दोन-तीन वेळा टोचून घ्यावं लागतं, घरी गालांना मालिश करावं लागतं आणि महिनोन् महिने धीर धरावा लागतो. परिणाम दोन वर्षांपर्यंत टिकू शकतो.

आज ती सुरकुत्यांसाठी मागितली जाते. मला तिच्याबद्दल आदर वाटतो तो तिच्या आधीच्या कामामुळे. 2004 साली अमेरिकेच्या एफडीएने तिला मान्यता दिली, ती एचआयव्हीबाधितांच्या खचलेल्या गालांसाठी. स्टॅव्ह्युडीनसारखी एचआयव्हीवरची औषधं जीव वाचवत, पण चेहऱ्यावरची चरबी झडवत. गाल बसले की न सांगता आजार कळे. जीव वाचला, गुपित वाचत नव्हतं. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केलेल्या औषधांतही स्टॅव्ह्युडीन होतं. त्या स्वस्ताईने गरीब देशांतल्या असंख्य माणसांना जगवलं, हे मोठंच काम. पण ही कुपी स्वस्त कधीच नव्हती. जिथे तिची सर्वांत जास्त गरज होती, तिथे ती फारशी पोहोचली नाही, याचं मला वाईट वाटतं. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्ह्युडीन टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. त्याच वर्षी हिला अमेरिकेत सुरकुत्यांसाठी मान्यता मिळाली.

एका बाबतीत ती फार कठोर आहे. हायलुरॉनिक ॲसिड चुकलं तर ते विरघळवणारं इंजेक्शन आहे. हिच्यावर तसा उतारा नाही. त्वचेखाली गाठी झाल्या तर महिनोन् महिने राहू शकतात. रक्तवाहिनीत गेली तर डोळाही जाऊ शकतो. पार्लरमध्ये कुणी ती टोचायला पुढे आलं, तर उठून घरी या. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन गाठा, आणि त्यांनी अशी किती इंजेक्शनं दिली आहेत ते न लाजता विचारा.